नदीमुखातील प्रदूषणाचा अभ्यास सुरू करताना

आपण पाण्याच्या नमुन्यांपासून सुरुवात करणार असल्याचे लिहिले आहे. माझा आग्रह मात्र गाळाकडे आधी पाहण्याचा राहील. नदीमुखातील पाणी भरती-ओहोटीबरोबर तासातासाला बदलते, त्यामुळे क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) आणि भरतीची वेळ न नोंदवता घेतलेला नमुना, प्रयोगशाळेत तो कितीही काटेकोरपणे तपासला तरी, फारसे काही सांगत नाही. गाळात प्रदूषके वर्षानुवर्षे साठत जातात. तेथेही एक फसगत ठरलेली आहे: जड धातू प्रामुख्याने बारीक कणांना चिकटतात, म्हणून वाळूमिश्रित जागा स्वच्छ आणि चिखलाची जागा प्रदूषित असल्याचा भास होतो. यासाठी 63 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग वेगळा करून तपासावा, किंवा धातूचे प्रमाण, बारीक मातीत निसर्गतःच असणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुलनेत मांडावे. माझी पहिली आकडेवारी याच चुकीमुळे बाद झाली होती.

धातू सापडला म्हणजे सजीवांवरील परिणाम सिद्ध झाला, असे मानू नये. जहाजांच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या संयुगामुळे, एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही, सागरी गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची जननेंद्रिये वाढू लागली. हा संबंध प्राण्यांचे निरीक्षण आणि रासायनिक मापन यांची सांगड घातल्यावरच पटला, आणि अशा रंगांवरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये संमत होऊन 2008 मध्ये लागू झाला. आपणही गाळ घ्याल त्याच ठिकाणचे जिवंत शिंपले गोळा करावेत. मात्र आकार आणि ऋतू सारखे ठेवावेत, कारण प्रजननकाळात त्यांच्या शरीरातील धातूंचे प्रमाण आपोआप बदलते.