आधी लाईन, मग घर: ठाणे-नवी मुंबईत परवडणारं भाड्याचं बिऱ्हाड

नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड खाडीच्या अलीकडे, अशी हजारो मराठी कुटुंबं आहेत. शाळा सुरू होण्याआधी घर बदलणाऱ्यांची पत्रं दरवर्षी वाढतात. या अंकात त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

लग्नानंतर आम्ही साताऱ्याहून येतोय. यांचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, माझं ऐरोलीच्या आयटी पार्कात. दोघंही लोकलनं जाणार. जवळ गाडी नाही, बजेट बेताचं. ठाण्यात बघू की नवी मुंबईत?
— वाचक, सातारा

तुमचा प्रश्न शहराचा कमी आणि रेल्वेच्या लाईनचा जास्त आहे. ऐरोली ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लाईनवर आहे. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षा मिळते, आणि कुर्ल्याला मध्य रेल्वेनंही जाता येतं, हार्बरनंही. म्हणजे ट्रान्स-हार्बर या दोहोंपैकी एका लाईनला जिथे भेटते तिथेच घर शोधायचं. अशा जागा मोजक्या आहेत.

पहिली जागा ठाणे पूर्व, म्हणजे कोपरी. ट्रान्स-हार्बरचे फलाट ठाणे स्टेशनच्या पूर्वेकडच्या टोकाला आहेत, त्यामुळे कोपरीतून चालत आलं की तुमची गाडी लगेच मिळते. यजमानांना ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडता येईल आणि कुर्ल्यापर्यंत बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली. कोपरीत जुन्या इमारती बऱ्याच आहेत. त्या बघताना काय तपासायचं ते चौथ्या उत्तरात आहे.

दुसरी जागा जुईनगर आणि नेरुळ. तुर्भ्यानंतर ट्रान्स-हार्बरचे दोन फाटे होतात: एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगरवरून नेरुळ-पनवेलकडे. त्यामुळे जुईनगरला पनवेलकडून ठाण्याला जाणारी लोकलही थांबते आणि सीएसएमटीची हार्बरही. एकाच स्टेशनवरून दोघं दोन दिशांना जाऊ शकता. वाशी आणि सानपाड्यालाही हीच सोय आहे, पण भाडं चढं. बेताच्या बजेटला आमच्या मते जुईनगर सगळ्यात आधी पाहावं. नेरुळ आकारानं मोठं आहे. तिथे स्टेशनपासून लांबच्या सेक्टरातलं घर स्वस्त वाटलं तर रिक्षाचा हिशेब आधी मांडा.

तो हिशेब असा. शेअर रिक्षाला माणशी २० रुपये धरा. दोघांचे, जाऊन-येऊन, महिन्याचे २६ दिवस: २,०८० रुपये. म्हणजे स्टेशनपासून लांबचं घर महिना दोन हजारांनी स्वस्त असेल तर प्रत्यक्षात ते स्वस्त नाहीच. पावसाळ्यात रिक्षाची रांग वाढते तो वेळ वेगळा.

खुद्द ऐरोलीत राहिलात तर तुमचं ऑफिस चालण्याच्या अंतरावर येईल. मग यजमानांना ठाण्याला जाऊन गाडी बदलावी लागेल किंवा ऐरोली-मुलुंड पुलावरून बसनं मुलुंड गाठावं लागेल. तुमच्या शिफ्ट रात्रीच्या असतील तर हाच पर्याय घ्या. ट्रान्स-हार्बरच्या गाड्यांमधलं अंतर हार्बरपेक्षा जास्त असतं आणि रात्री ते आणखी वाढतं. घर ठरवण्याआधी शेवटच्या लोकलची वेळ बघाच.

कळवा, विटावा आणि दिघा नकाशावर ऐरोलीला चिकटून दिसतात आणि भाडंही कमी सांगतात. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ पासून सुरू झालं, ही मोठीच सोय झाली. पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचतं आणि रस्ता अडतो. दिघ्यात मुख्यतः एमआयडीसीच्या जमिनीवरच्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, त्यामुळे तिथे इमारतीचे कागद पाहिल्याशिवाय अनामत देऊ नका.

घणसोली गावात एक खोली-किचन मिळतंय. भाडं सेक्टरमधल्या वन बीएचकेच्या जवळपास निम्मं. मित्र म्हणतात, गावठाणातल्या इमारती बेकायदा असतात, कधीही पाडतील. घेऊ की नको?
— एकटा राहणारा वाचक, सध्या मु. पो. डोंबिवली

घेऊ शकता, पण इमारत निवडून घ्या. नवी मुंबईसाठी सत्तरच्या दशकापासून सिडको या सरकारी महामंडळासाठी जमिनी संपादन झाल्या, गावं मात्र जागेवरच राहिली. घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव, करावे, दारावे ही मूळ आगरी-कोळ्यांची गावं. कुटुंबं वाढली तशी त्यांनी गरजेपोटी घरं बांधली, पुढे त्याच जागी चार-पाच मजले चढले. पुष्कळ इमारतींना ना बांधकाम परवानगी, ना भोगवटा प्रमाणपत्र. शहरातल्या कमी पगाराच्या माणसाला छप्पर मात्र याच घरांनी दिलं आहे, हे कुणी विसरू नये.

भाडेकरूसाठी ‘कधीही पाडतील’ यापेक्षा रोजच्या जगण्यातले तीन धोके मोठे आहेत.

पहिला बांधणीचा. तळमजल्यावरचे खांब बघा, प्लास्टर फुगून आतली गंजलेली सळई दिसत असेल तर परत फिरा. गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब ओला आहे का ते पाहा. इमारतीचे खालचे मजले जुने आणि वरचे ताजे दिसत असतील तर पाया कमी मजल्यांचा असण्याची शक्यता धरून चाला.

दुसरा आगीचा. दोन इमारतींच्या खिडक्या एकमेकींना हात लावतील इतक्या जवळ असतात आणि गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नाही. म्हणून दुसरा किंवा तिसरा मजला घ्या, त्याहून वर नको. जिन्यात गॅसचे सिलिंडर, दुचाकी किंवा उघडे मीटर असतील तर ती इमारत सोडून द्या.

तिसरा विजेचा, आणि इथे पैसा नकळत जातो. महावितरणचा स्वतंत्र मीटर आहे का ते विचारा. नसेल तर मालकाच्या एका मीटरवर चार-पाच खोल्या असतात आणि तुम्हाला सबमीटरच्या युनिटप्रमाणे पैसे द्यावे लागतात. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत जातात. पाच खोल्यांनी प्रत्येकी ९० युनिट वापरली तर एकेकटी खोली सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसली असती. एका मीटरवर तीच ४५० युनिट होतात आणि चढा दर लागतो. स्वतंत्र मीटर असलेल्या खोलीला पाचशे रुपये भाडं जास्त पडलं तरी बिचकू नका.

कराराबद्दल एक सांगायला हवं. अशा खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवता येतो, पण करार नोंदवला म्हणून इमारत अधिकृत होत नाही. अनामत कमीत कमी ठेवा. इमारतीला नोटीस आली तर अडकलेली मोठी रक्कम काढणं हीच खरी अडचण होते.

तळोजा आणि उलवेत जुईनगरच्या वन बीएचकेच्या भाड्यात टू बीएचके मिळतोय. इमारत नवी, लिफ्ट, बाग, सगळं आहे. पाण्याची अडचण ऐकतो ती खरी का? आम्ही चौघं आहोत.
— वाचक, कामोठे

अडचण खरी आहे, पण सेक्टरागणिक आणि सोसायटीगणिक वेगळी. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. त्यामुळे दिघा ते बेलापूर या पट्ट्यात पाण्याची स्थिती बरी असते. खारघर, कामोठे, तळोजा हा भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतो, आणि उलवे या दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहे. तिथलं पाणी इतर स्रोतांवर चालतं, आणि वस्ती ज्या वेगानं वाढली त्या वेगानं पुरवठा वाढलेला नाही.

‘पाणी चोवीस तास आहे’ हे एजंटाचं उत्तर इथे उपयोगाचं नाही, कारण गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी चोवीस तास येतंच. विचारायचं ते सोसायटीच्या वॉचमनला किंवा सेक्रेटरींना: महापालिकेचं किंवा सिडकोचं पाणी किती वेळ येतं, मे महिन्यात टँकर किती लागले, आणि त्यांचा खर्च देखभाल खर्चात धरलाय की दरडोई वेगळा काढतात. वेगळा काढत असतील तर तो कोण भरणार हे करारात लिहून घ्या. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

गरज किती, तेही मोजता येतं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. तुमच्या घराला ५४० लिटर लागतील. अशा ४० घरांच्या सोसायटीला दिवसाला २१,६०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर भरूनही थोडं कमीच. नळाचं पाणी एक दिवस आलं नाही तर काय होतं ते यावरून कळेल. शक्यतो घर एप्रिल-मेमध्येच बघायला जा.

जाण्यायेण्याचं बघायचं तर तळोज्याला बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून आहे, पण ती बेलापूरलाच संपते. तिथून पुढे पुन्हा लोकल. मुंबईला रोज जाणाऱ्याला हे दोन टप्पे जड जातात, तर बेलापूर, खारघर किंवा तळोजा एमआयडीसीत नोकरी असलेल्याला हीच जागा उत्तम. एमआयडीसीच्या बाजूच्या सेक्टरांत रात्री रसायनांचा वास येतो का, हे एकदा रात्री दहानंतर जाऊन स्वतः पाहा. उलव्याला खारकोपर आणि बामणडोंगरी स्टेशनं आहेत. उरण मार्गावर गाड्या कमी, त्यामुळे एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट. वेळापत्रक हातात घेऊन तुमच्या ऑफिसच्या वेळेला कोणती गाडी बसते ते पाहा, आणि मगच टू बीएचकेच्या मोहात पडा.

वाशीतल्या जुन्या सिडको इमारतीत तळमजल्याचं घर मिळतंय. वय झालंय, जिने चढवत नाहीत.
— ज्येष्ठ वाचक, ठाणे

तळमजला, जवळ बाजार आणि दवाखाना, सगळं जमून आलंय. फक्त दोन गोष्टी बघा. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करायची. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे दुरुस्तीच्या, सी-३ किरकोळ दुरुस्तीच्या. आणि पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का ते सोसायटीत विचारा. विकासक ठरला असेल तर वर्षभरात पुन्हा सामान हलवावं लागेल. या वयात ती दगदग नको. ठाण्यात बघत असाल तर यादीसाठी ठाणे महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात जा.

एजंट म्हणतो, ६ लाख हेवी डिपॉझिट द्या, दोन वर्षं भाडं नाही, करार नोटरीवर करू. भाडं वाचेल. हे करावं का?
— वाचक, मुंब्रा

नोटरीवर मुळीच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘नोंदणीला खर्च येतो’ हे कारणही टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं दरसाल १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. भाडं १८,००० आणि अनामत ६०,००० असेल तर ११ महिन्यांचं भाडं १,९८,००० आणि व्याज ५,५००. बेरीज २,०३,५००, तिच्यावरचं शुल्क पाचशे-सहाशे रुपये. तुमच्या ६ लाखांवर ११ महिन्यांचं व्याज ५५,००० धरलं तर शुल्क दोनशेच्या आतच. त्यावर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. दोन वर्षांचा करार असेल तर आकडा त्या प्रमाणात वाढेल, तरी ६ लाखांच्या मानानं तो काहीच नाही. इतक्यासाठी मालक मागे हटत असेल तर कारण दुसरंच काही आहे असं समजा.

ते दुसरं कारण पुष्कळदा कर्ज असतं. मालकानं त्याच घरावर कर्ज काढलेलं असतं, हप्ते थकतात, बँक घराचा ताबा घेते आणि तुमची रक्कम मालकाकडे अडकते. म्हणून इंडेक्स-२ (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा) मागा, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे बँकेचा बोजा आहे का ते विचारा, आणि मालकाचं नाव वीजबिल, मालमत्ता कर पावती आणि आधार या तिन्हींवर जुळवून पाहा. शीळ-मुंब्रा पट्ट्यात इमारत अधिकृत आहे का, हे त्याहीआधी. २०१३ मध्ये शीळफाट्याजवळची बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले.

एवढं करूनही द्यायचंच असेल तर सगळी रक्कम बँकेतून द्या, एक रुपयाही रोख नको. करारात ‘घराचा ताबा परत देणं आणि अनामत परत मिळणं एकाच वेळी’ हे वाक्य घालून घ्या. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मालकाला लेखी कळवा. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट भाडं मागू शकतो, म्हणून ‘पैसे मिळेपर्यंत राहीन’ हा मार्ग बेभरवशाचा आहे. सोसायटीनं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) मागितलं तर ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, आणि ते मालकानं भरायचं असतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाईन भरली की तिची प्रत कराराला जोडून ठेवा.

आमचा स्पष्ट सल्ला: ६ लाख बँकेत ठेवा, व्याज घ्या, आणि छोट्या अनामतीवर महिन्याचं भाडं देऊन राहा.