वाचकांचे प्रश्न : नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण आणि प्रौढांचे तीव्र आजार

अमेरिकेत प्रौढ आणि वृद्ध रुग्णांच्या तीव्र आजारांत निदान व उपचार करता यावेत, यासाठी परिचारिकांना पदव्युत्तर शिक्षण देऊन 'ॲक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर' म्हणून तयार केले जाते. या शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी आठ वर्षे अतिदक्षता विभागात काम करते. व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप हे सारे माझ्या हातचे आहे. मग या अभ्यासक्रमात माझ्यासारखीला दोन-तीन वर्षे नवे काय शिकवणार?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर यंत्रांत सापडणार नाही. एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. वय ७४, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. पहाटे नाडी मिनिटाला ११२, श्वास २६, रक्तदाब कालच्यापेक्षा किंचित उतरलेला, लघवी कमी, ताप नाही, आणि रुग्ण थोडा असंबद्ध बोलू लागला आहे. काहीतरी बिघडते आहे हे तुम्ही आकडे जुळवण्याआधीच ओळखाल आणि डॉक्टरांना फोन कराल. कदाचित त्यांना काय वाटायला हवे हेही आडवळणाने सुचवाल. परंतु पुढचा निर्णय दुसऱ्या कोणाचा तरी असेल.

नर्स प्रॅक्टिशनरचे काम त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला सुरू होते. आतड्याच्या जोडातून गळती, न्यूमोनिया, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, शरीरातील पाणी कमी होणे, रोजची दारू अचानक सुटणे, या शक्यतांपैकी जी सर्वांत लवकर जीव घेईल ती आधी तपासावी लागते. लॅक्टेट (शरीराला प्राणवायू कमी पडत असल्याची खूण देणारी रक्तचाचणी) आणि रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी चाचणी) आधी घ्यायचे की थेट सीटी स्कॅनला न्यायचे, मूत्रपिंड आधीच ताणाखाली असताना स्कॅनचे औषध शिरेतून द्यायचे का, हृदय कमजोर असल्यास सलाईन किती वेगाने चालवायचे, प्रतिजैविकाची पहिली मात्रा अहवालाची वाट न पाहता द्यायची का, शल्यविशारदांना आत्ता उठवायचे की सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचे, हे सारे ठरवून, लिहून, त्याखाली स्वतःची सही करावी लागते. अंदाज चुकला तर तो चुकल्याचे कशावरून आणि किती वेळात कळेल, हेही त्याच वेळी मनात पक्के असावे लागते.

प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र (आजारात शरीराचे काम कसे बिघडते याचा अभ्यास), प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र हे तीन विषय या शिक्षणाचा पाया मानले जातात, ते याच कारणासाठी. अनेक अनुभवी परिचारिकांना त्यांतले औषधशास्त्र जड जाते. औषधाचे नाव, मात्रा, देण्याची रीत त्यांना तोंडपाठ असते. पण हेच औषध का आणि दुसरे का नाही, हा प्रश्न त्यांना आजवर कोणी परीक्षेत विचारलेला नसतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण प्रवेशपुस्तिकेत ती लिहिलेली नसते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या कौशल्याच्या नवशिकीपासून निष्णातापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. तुम्ही आज पाचव्या पायरीवर आहात आणि नव्या भूमिकेत पुन्हा खाली उतरणार आहात. ज्या विभागात कालपर्यंत नव्या निवासी डॉक्टरांना तुम्ही सांभाळून घेत होता, तशाच विभागात तुमची पहिली निदाने चाचपडत निघतील. पहिल्या वर्षीचे हे अवघडलेपण हुशारी कमी पडल्याचे लक्षण नव्हे. मात्र ते सोसायची तयारी नसेल तर आहे त्या जागी निष्णात राहणे हाही सन्मानाचा पर्याय आहे.

प्रश्न : माझी धाकटी बहीण अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. एका रुग्णालयाने तिला दाखल रुग्णांच्या विभागात नोकरी देऊ केली आहे. परवाना आहे, नोकरी देणारा तयार आहे, मग अडचण काय असू शकते?

उत्तर : अडचण आहे, आणि नोकरी देणाऱ्याच्या तयारीने ती सुटत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रगत परिचर्येच्या नियमनाचा एक आराखडा सर्वसंमतीने ठरला. त्यात चार भूमिका आणि सहा लोकसमूह निश्चित झाले : सर्व वयांची माणसे म्हणजेच कुटुंब, प्रौढ व वृद्ध, नवजात, बालक, स्त्री-आरोग्य आणि मनोविकार. यांपैकी प्रौढ-वृद्ध आणि बालक या दोन समूहांत नर्स प्रॅक्टिशनरच्या प्राथमिक आणि तीव्र अशा दोन वेगळ्या शाखा केल्या गेल्या. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण प्राथमिक सेवेचे असते.

या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेले तत्त्व असे, की कामाची कक्षा जागेवरून ठरत नाही, रुग्णाच्या गरजेवरून ठरते. अतिदक्षता विभाग म्हणजे तीव्र सेवा आणि दवाखाना म्हणजे प्राथमिक सेवा, ही वाटणी ऐकायला सोयीची असली तरी चुकीची आहे. हृदय निकामी होत चाललेला, दर महिन्याला दाखल होणारा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात बसलेला असला तरी त्याची प्रकृती अस्थिर असते, आणि तीव्र सेवेची प्रॅक्टिशनर त्याला तिथेही पाहू शकते. उलट, रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचा जुना, स्थिर मधुमेह सांभाळणे प्राथमिक सेवेच्या प्रॅक्टिशनरच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून तुमच्या बहिणीने 'विभाग कोणता' असे न विचारता 'रात्री दोन वाजता ज्याचा रक्तदाब कोसळेल असा रुग्ण माझ्या नावावर असेल का' असे विचारावे. उत्तर होय असेल, तर ते काम तिच्या शिक्षणाच्या आणि प्रमाणपत्राच्या बाहेरचे आहे. काही बिनसले तर तिचे शिक्षण कोणत्या शाखेचे होते हा प्रश्न सर्वप्रथम निघेल, आणि त्या वेळी रुग्णालयाची शिफारस उपयोगी पडण्याची शक्यता कमी.

यातून वाट आहे. आधीच पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी अनेक विद्यापीठे उत्तर-पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम चालवतात. त्यात आधीचे शिक्षण तपासून राहिलेल्या उणिवा काढल्या जातात. पायाचे तीन विषय सहसा पुन्हा करावे लागत नाहीत, पण तीव्र सेवेचे विषय, त्या सेवेतील प्रत्यक्ष काम आणि नवी प्रमाणन परीक्षा टळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त डॉक्टर आहे. रुग्णालयांकडे निवासी डॉक्टर उपलब्ध असताना त्यांना या पदाची गरज का भासली, आणि रुग्णाचे यात हित आहे असे कशावरून म्हणायचे?

उत्तर : नर्स प्रॅक्टिशनर या पदाचा उगम रुग्णालयात झालाच नाही. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या आरोग्यसेवेसाठी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तीव्र सेवेची शाखा रुजली ती १९९०च्या दशकात, आणि तिची पहिली राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा १९९५ मध्ये झाली. पुढे २००३ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आली, तेव्हा मोठ्या रुग्णालयांत रात्रीच्या जागा मोकळ्या पडल्या आणि या प्रॅक्टिशनरांची मागणी वाढली. पण केवळ मनुष्यबळाची गरज म्हणून याकडे पाहणे मला अपुरे वाटते. निवासी डॉक्टर दर महिन्याला विभाग बदलतात. प्रॅक्टिशनर त्याच विभागात वर्षानुवर्षे राहते, आणि कोणत्या रुग्णाचे कोणत्या टप्प्यावर घसरते याची तिथली स्मृती तिच्याकडे साठते.

हिताबद्दल म्हणाल, तर २०१६ मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एका अतिदक्षता विभागातील ९,००० हून अधिक दाखल रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रॅक्टिशनरांच्या आणि निवासी डॉक्टरांच्या पथकांकडील रुग्णांच्या ९० दिवसांनंतरच्या जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र दोन्ही पथकांच्या डोक्यावर अतिदक्षतातज्ज्ञ डॉक्टर होते. त्यामुळे या निष्कर्षावरून डॉक्टरांची गरज उरली नाही असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि परिचारिकेला हे जमणारच नाही म्हणणाऱ्यांशीही नाही.

प्रश्न : तरुण आणि वृद्ध यांचा एकच अभ्यासक्रम का? वृद्धांचा विषय त्यात तोंडी लावण्यापुरता राहत नाही का?

उत्तर : पूर्वी प्रौढ आणि वृद्ध यांच्या शाखा वेगळ्या होत्या, २००८ च्या आराखड्याने त्या एक केल्या. आज हा समूह किशोरावस्थेच्या अखेरीपासून अतिवृद्धापर्यंत पसरलेला आहे. एकत्रीकरणामागचा विचार असा, की रुग्णालयातील खाटांवर वृद्धांचेच प्रमाण मोठे असते, तेव्हा वार्धक्याचे ज्ञान मूठभर तज्ज्ञांपुरते ठेवणे परवडणारे नाही. तुमची भीती अगदीच निराधार नाही. काही ठिकाणी जुन्या अभ्यासक्रमावर वृद्धांचे एक प्रकरण चिकटवून नाव बदलले जाते. प्रवेशापूर्वी विषयपत्रिका नीट पाहिली तर हे लगेच लक्षात येते.

वृद्ध रुग्ण म्हणजे जास्त वयाचा तरुण नव्हे, आणि तीव्र आजारात याची प्रचिती ठायी ठायी येते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी ताप येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत न दुखता नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते. स्नायू झिजल्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज घेतात तो घटक) सामान्य दिसते आणि त्याआड मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आलेले असते. त्या आकड्यावर विसंबून औषधाची मात्रा ठरवली की विषबाधा ठेवलेलीच. हृदयाचे ठोके मंदावणारे औषध चालू असेल तर रक्तस्राव होत असतानाही नाडी वाढत नाही. आणि डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारी मानसिक गोंधळाची अवस्था! आरडाओरडा करणारा, नळ्या उपटणारा रुग्ण सर्वांच्या नजरेत भरतो. पण गप्प पडून राहणारा, हाक मारल्यावर सावकाश डोळे उघडणारा रुग्ण 'शांत झोपले आहेत' या शेऱ्याखाली दिवसच्या दिवस हरवून जातो. तो शोधण्यासाठी अतिदक्षता विभागात ठरावीक चाचणी वापरतात, आणि ती रोज, प्रत्येक पाळीत करण्याची शिस्त या शिक्षणात लावली जाते. वृद्धांना शक्यतो टाळावयाच्या औषधांची बिअर्स निकष म्हणून ओळखली जाणारी यादी १९९१ पासून वापरात आहे. तिच्यात झोपेच्या आणि ॲलर्जीच्या अत्यंत सरावाच्या गोळ्याही आहेत, हे पाहून विद्यार्थिनी दचकतात. दचकायलाच हवे.

प्रश्न : अनेक विद्यापीठे हा अभ्यासक्रम ऑनलाइन देतात. रुग्ण न पाहता रुग्णसेवा कशी शिकता येईल?

उत्तर : ऑनलाइन असतात ती व्याख्याने. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास रुग्णालयातच, अनुभवी प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर मार्गदर्शकाच्या हाताखाली भरावे लागतात. त्यांची किमान संख्या पूर्वी ५०० होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मानकांनी ती ७५० केली. बाहुल्यांवरचा सराव उपयोगी असला तरी तो या किमान तासांत धरला जात नाही. खरी मेख मार्गदर्शक मिळण्यात आहे. काही विद्यापीठे मार्गदर्शक स्वतः मिळवून देतात, तर काही ते काम विद्यार्थिनीवर सोपवतात, आणि मग तिसऱ्या सत्रात ती ओळखी काढत रुग्णालयांचे उंबरठे झिजवते. शुल्काची चौकशी करण्याआधी ही चौकशी करावी.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), धमनीतील नळी, छातीतील नळी, श्वासनलिकेत नळी घालणे यांसारख्या कृतींबाबतही अपेक्षा माफक ठेवाव्यात. त्या किती शिकायला मिळतील हे नेमणुकीच्या जागेवर अवलंबून असते, आणि पदवीनंतरही प्रत्येक रुग्णालय त्यांची परवानगी स्वतंत्रपणे, केलेल्या कृतींची संख्या व गुणवत्ता पाहूनच देते.

प्रश्न : पदव्युत्तर पदवी पुरेशी आहे की डॉक्टरेट करावी? परीक्षा कोणती द्यावी?

उत्तर : विद्यापीठीय परिचर्याशिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये अशी भूमिका घेतली होती, की २०१५ पर्यंत प्रगत परिचर्येचे शिक्षण डॉक्टरेट पातळीवर जावे. भूल देणाऱ्या परिचारिकांसाठी ते झाले. नर्स प्रॅक्टिशनरांसाठी पदव्युत्तर पदवी आजही चालते. अध्यापन किंवा प्रशासन करायचे नसेल तर घाई करू नये, असे माझे मत आहे.

प्रमाणन परीक्षा दोन संस्था घेतात : अमेरिकन नर्सेस क्रिडेन्शियलिंग सेंटर, आणि अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेचे प्रमाणन मंडळ. दोन्ही सर्वत्र ग्राह्य असून प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. गंमत म्हणजे अतिदक्षता परिचारिकांची ही संघटना आणि वर उल्लेखिलेली शिक्षणसंघटना या दोघींचे लघुरूप 'एएसीएन' असेच आहे, त्यामुळे पत्रव्यवहार करताना पूर्ण नाव लिहावे.

प्रश्न : भारतात क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरची पदव्युत्तर पदवी घेतली, तर अमेरिकेत त्याच पदावर काम करता येईल का?

उत्तर : थेट येणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा, निवासी स्वरूपाचा आणि प्रत्यक्ष कामावर भर देणारा आहे, आणि शिक्षण म्हणून त्याचे मोल कमी नाही. परंतु अमेरिकेतील प्रमाणन परीक्षेला बसण्यासाठी तेथील मान्यताप्राप्त संस्थेतून त्याच शाखेचे शिक्षण झालेले असावे लागते. प्रथम शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा आणि एनक्लेक्स ही तेथील परिचारिका-परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना मिळवावा, आणि त्यानंतर तेथील अभ्यासक्रमाला अर्ज करावा. बहुतेक विद्यापीठे प्रवेशासाठी किमान एक वर्षाचा अतिदक्षतेचा अनुभव मागतात किंवा त्याला प्राधान्य देतात. भारतातील अनुभव धरला जाईल का, हे प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारावे. राज्य निवडतानाही विचार करावा. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी करार न करता निदान करण्याचा व औषधे लिहून देण्याचा पूर्ण अधिकार आहे. उरलेल्या राज्यांत लेखी सहकार्य-करार किंवा देखरेख लागते. रुग्णालयात काम करणाऱ्यांना हा फरक रोजच्या कामात फारसा जाणवत नाही, कारण तिथे रुग्णालयाचे स्वतःचे नियम राज्याच्या नियमांहून कडक असू शकतात. पण नोकरी बदलताना तो जाणवतो.