पॅडल दाबलं की नुसताच लांब सूर येतो

प्रश्न: मोर्स कोड पाठवायचं नवीन पॅडल (दोन बाजूंची की) रेडिओला जोडलंय पण एक बाजू दाबली की डिट डिट (म्हणजे मोर्सचे डॉट) यायच्या ऐवजी सलग पीऽऽऽ वाजत राहतं आणि दुसरी बाजू तर मुकीच, पॅडल खराब आहे का? परत करू?

उत्तर: अहो थांबा, परत नका करू! रेडिओला अजून वाटतंय की तुम्ही साधी स्ट्रेट की लावलीय, म्हणजे जितका वेळ दाबाल तितका वेळ वाजणारी. मेन्यूत जाऊन की टाइप पॅडल करा, कीयर (डॉट-डॅश आपोआप बनवणारी सोय) ऑन करा. प्लग स्टिरिओच हवा, सहसा टोकाला डॉट, मधल्या रिंगला डॅश आणि खाली ग्राउंड, उलटं झालं असेल तर मेन्यूत रिव्हर्स असतं, सोल्डरिंग उकरत बसू नका. ब्रेक-इन (की दाबताच आपोआप प्रक्षेपण सुरू होणं) मात्र आधी बंद ठेवा म्हणजे नुसता साइडटोन, रेडिओतच वाजणारा तुमचा सूर, ऐकू येईल, हवेत काही जाणार नाही.

मग येतो खरा त्रास, आयँबिक (दोन्ही बाजू एकत्र दाबल्या की डॉट-डॅश आलटून पालटून येणारा) मोड ए की बी. बी मोडमध्ये दोन्ही बाजू सोडल्यावरही कीयर एक उलटा घटक (डॅशनंतर डॉट, डॉटनंतर डॅश) जास्तीचा टाकतो, म्हणजे तुम्ही के (डॅश-डॉट-डॅश) पाठवताय, शेवटचा डॅश वाजत असताना बोटं उचलली आणि मागून एक डिट चिकटून सी (डॅश-डॉट-डॅश-डॉट) गेला! असं होत असेल तर ए लावा. मला स्वतःला नवशिक्यांसाठी ए मोडच बरा वाटतो.

स्पीड मिनिटाला 15 शब्द ठेवा, त्यात डॉट 80 मिलिसेकंदांचा आणि डॅश त्याच्या तिप्पट, ते कीयर बघतो, पण अक्षरांमधली जागा तुमच्याच हातात असते, तिकडे लक्ष द्या.