समुद्रशेवाळ : भिजवावे, भाजावे की उकळावे?

प्रश्न : कोम्बू, नोरी आणि वाकामे अशी सुकवलेल्या समुद्रशेवाळाची तीन पाकिटे मला भेट म्हणून मिळाली. कोम्बूची जाड पट्टी स्वच्छ धुऊन तासभर उकळली, तेव्हा पाणी बुळबुळीत आणि कडवट झाले. ही तिन्ही शेवाळे वेगवेगळ्या रीतीने वापरायची असतात का?

उत्तर : होय, आणि तुमचे पाणी बिघडले तेही याच कारणाने. कोम्बू हे मुख्यतः पाण्यात चव उतरवण्यासाठी असते. त्याच्या पट्टीवर दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नव्हे. ती चवीचाच भाग असल्यामुळे पट्टी धुऊ नये, कोरड्या फडक्याने हलकेच पुसावी. एक लिटर पाण्यात साधारण 10 ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजत ठेवावे, मग भांडे मंद आचेवर चढवावे आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच, म्हणजे उकळी फुटण्याआधीच, पट्टी बाहेर काढावी. जास्त उकळल्यास तिच्यातील चिकट द्रव्ये पाण्यात उतरतात. नीट जमलेले पाणी फिकट सोनेरी दिसते आणि त्याची चव जिभेवर रेंगाळते. याच पाण्यातून किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. काढलेली पट्टी टाकून देऊ नका. बारीक चिरून सोया सॉसमध्ये शिजवली की तिचे तोंडीलावणे होते.

वाकामे मात्र खाण्यासाठीच असते. ते पाच-सात मिनिटे भिजवावे. इतके फुगते की एका वाटी सुपाला चमचाभर सुके वाकामे पुरते. ते अगदी शेवटी घालावे, नाहीतर पाने लिबलिबीत होतात. नोरी तर भिजवूच नये. त्याचा कागदासारखा पातळ ताव आचेपासून थोडा वर धरून काही क्षण फिरवला, की काळपट जांभळा रंग हिरवा होतो आणि ताव कुरकुरीत होतो. ही रंग बदलण्याची खूण मला घड्याळापेक्षा अधिक भरवशाची वाटते. मग तो भाताभोवती गुंडाळावा किंवा चुरून वर पेरावा.

प्रश्न : जिलेटिनऐवजी अगर-अगर वापरले आणि लिंबाच्या रसात उकळले, पण मिश्रण घट्ट झालेच नाही. काय चुकले?

उत्तर : अगर-अगर हेही तांबड्या समुद्रशेवाळापासूनच काढतात, चायना ग्रास म्हणतात ते हेच. आंबट रसात उकळल्यास त्याची घट्ट होण्याची शक्ती कमी होते. म्हणून ते आधी नुसत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे चांगले उकळून पूर्ण विरघळवावे, आच बंद करावी आणि मगच रस घालावा. रस फ्रिजमधून काढलेला थंडगार नसावा, कारण अगर-अगर साधारण 35 ते 40 अंश सेल्सिअसलाच घट्ट होऊ लागते आणि गुठळ्या होतात. त्याचा एक मोठा फायदा असा की ताज्या अननसाने किंवा पपईने जिलेटिन घट्ट होत नाही, अगर-अगर मात्र होते.

प्रश्न : समुद्रशेवाळ रोज खाल्ले तर चालेल का?

उत्तर : नोरी थोड्या प्रमाणात खाण्यास सहसा अडचण नसते. कोम्बूबाबत मात्र सावध राहावे. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, आणि एक ग्रॅम सुक्या कोम्बूतही त्याच्या कितीतरी पट आयोडीन असू शकते. ते पाण्यातही उतरते. थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोम्बू घेऊ नये. हिजिकी नावाचे काळे, काड्यांसारखे शेवाळ तर कोणीच खाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. त्यात घातक प्रकारचे आर्सेनिक असते आणि ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनेही ते टाळण्याचा सल्ला दिलेला आहे.