अंडरग्राउंड (मोठ्या प्रकाशकांबाहेरच्या) कॉमिक्समधून मेनस्ट्रीमला गेलेला डच कार्टूनिस्ट कोण?

योस्ट स्वार्टे, डोळे झाकून. आइंडहोवनला इंडस्ट्रियल डिझाइन शिकला, पण डोक्यात कॉमिक्स, 1971 ला स्वतःचंच 'मॉडर्न पापियर' मॅगझिन काढलं. चित्रं बघायला एकदम टिनटिन कॉमिक्ससारखी, स्वच्छ रेघ, सपाट रंग, आणि आतला मसाला मात्र पोरांच्या हातात द्यायच्या लायकीचा नाही, खरी मजा तीच! या स्टाइलला 'क्लारे लाइन' (म्हणजे स्वच्छ रेघ) हे नावही 1977 ला त्यानेच दिलं. पुढे न्यूयॉर्कच्या 'रॉ' या कॉमिक्स मॅगझिनमध्ये छापून आला, मग 'न्यूयॉर्कर' मॅगझिनची कव्हरं, डच पोस्टाची तिकिटं, आणि नेदरलँड्समधल्या हार्लेमचं टोनेलस्खूर थिएटर तर त्याच्याच डिझाइनवरून बांधलंय. लोक म्हणतात गुळगुळीत झाला, मला नाही पटत, रेघ पहिल्यापासून तशीच होती, गिऱ्हाईक बदललं.