नॅट वन पडला, म्हणून दोर का तुटावा?

तुमचा प्रश्न वाचला. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर चालणाऱ्या कल्पित साहसांच्या खेळात दोराच्या पुलावर लढाई चालू होती. पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, हल्ल्याच्या फाशावर 1 (नॅट वन) पडला, आणि तुम्ही डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, म्हणून जाहीर केलंत की तलवार दोरावर बसली, दोर तुटला, मागची बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) साठ फूट दरीत पडून मेली. टेबल हसून लोटपोट झालं, फक्त बार्ड खेळणारी मुलगी गप्प बसली. आता असे गमतीदार अपघात नेहमी घडावेत म्हणून फंबल टेबल, म्हणजे 1 पडला की कोणता अपघात घडतो ते ठरवणारी यादी, आणायचा तुमचा विचार आहे.

कृपया आणू नका. डी अँड डीची पाचवी आवृत्ती 2014 साली आली, तेव्हापासून मी दर रविवारी खेळ चालवतोय. सुरुवातीची दोन वर्षं माझ्याकडेही असं टेबल होतं. पुस्तकातल्या नियमात हल्ल्यावर 1 पडला की नेम चुकतो, एवढंच. वीस बाजूंच्या फाशावर ही शक्यता 5 टक्के. पण फाइटर, म्हणजे योद्धा, जसा तयार होतो तसे त्याचे हल्ले वाढतात. अकराव्या लेव्हलला एका टर्नमध्ये तीन, विसाव्याला चार. चार हल्ल्यांत निदान एकदा 1 पडण्याची शक्यता साडेअठरा टक्क्यांवर जाते. एक राउंड, म्हणजे प्रत्येकाचा एक टर्न, सहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला चाळीस हल्ले आणि सरासरी दोनदा 1. राज्यातला सर्वांत निष्णात तलवारबाज मिनिटाला दोनदा स्वतःची तलवार खाली टाकतो, असं जग तुम्हाला उभं करायचंय का? फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकणाऱ्या विझर्डला (जादूगाराला) तर हल्ल्याचा फासाच नाही, सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, समोरच्यांनी टाकायचा. म्हणजे सगळी शिक्षा तलवार धरणाऱ्यांना.

खरी धमाल येते ती खेळाडूने स्वतः काही ठरवल्यावर आणि नियमांनी त्याला भलतीकडे नेल्यावर. आमच्याकडचा स्लीप स्पेलचा, म्हणजे झोपेच्या मंत्राचा, प्रसंग सांगतो. पहिली लेव्हल, गुहेत चार गॉब्लिन (खुजे राक्षस), प्रत्येकाचे 7 हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला त्याचे गुण. फाइटरचे 3 उरलेले, ड्रुइडचे (निसर्गाची जादू करणाऱ्याचे) 5. घाबरलेल्या विझर्डने सगळ्यांच्या मधोमध स्लीप टाकला. 2014 च्या नियमात हा स्पेल आपला-परका बघत नाही. आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, बेरजेतून एकेकाचे हिट पॉइंट वजा करत जायचं, आणि ज्याचे हिट पॉइंट सर्वांत कमी तो आधी झोपतो. बेरीज आली 19. तीन गेले, फाइटर घोरायला लागला. पाच गेले, ड्रुइड आडवा. उरले 11, त्यात एक गॉब्लिन झोपला. बाकी 4, त्यात पुढचा बसेना. तीन गॉब्लिन टक्क जागे! आमची क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारी) एल्फ वंशाची, तिला जादूने झोप येतच नाही, म्हणून ती एकटी या निद्रानगरीत उभी.

त्या क्षणी मी गॉब्लिनांना गळे कापायला लावू शकलो असतो. बेशुद्धावर जवळून लागलेला घाव थेट क्रिटिकल, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट, असतो. पण अंगाला काही न लागता दोन शत्रू आपोआप आडवे झालेले बघून गॉब्लिन काय करतील, असा मी विचार केला. ते फाइटरच्या बुटांवरून भांडू लागले. एक डावा ओढतोय, दुसरा उजवा. क्लेरिकला तेवढ्यात एक अ‍ॅक्शन मिळाली, तिने फाइटरला गदागदा हलवून उठवलं, आणि तो एका पायात बूट घालून लढला. ते कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, तीन वर्षं चाललं, शेवटपर्यंत त्या फाइटरचं नाव ‘एकबुट्या’ होतं. खेळणाऱ्यालाच ते सर्वांत प्रिय. (2024 च्या नियमांत स्लीप कोणावर लागू करायचा ते टाकणारा निवडतो. सोय झाली खरी, पण मला जुनाच आवडतो.)

फायरबॉलचंही तसंच. वीस फूट त्रिज्या म्हणजे नकाशावर पाच-पाच फुटांचे आठ चौकोन रुंद, हे नवा विझर्ड तीस फुटांच्या खोलीत हमखास विसरतो. 1978 च्या पुस्तकात तर आग तेहतीस हजार घनफूट जागा भरायची. दहा बाय दहाच्या बोळात हिशेब करा, तीनशे तीस फूट लांब ज्वाळा! कितीतरी पार्ट्या (खेळाडूंचे गट) स्वतःच्याच आगीत भाजल्या असतील, पण स्पेल त्यांनी स्वतः टाकलेला, म्हणून हसूही त्यांचंच.

आता तुमचा पूल. नेम चुकल्यावर तलवार दोरात रुतली, एक पीळ सुटला, पूल कलला, एवढं सांगून थांबायचं. मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोर उसवत राहतो. कोणी पळतं, कोणी बार्डचा हात धरतं, कोणी उरलेला दोर मुद्दाम कापून शत्रूसकट खाली जायचं ठरवतं.

आणि बार्ड मेलेली नाही. पडण्याचं नुकसान दर दहा फुटांना एक सहाचा फासा. साठ फुटांना सहा फासे, सरासरी 21. तिचे 24 हिट पॉइंट होते असं तुम्हीच लिहिलंय. फासे तुम्ही टाकलेच नाहीत. फार वाईट पडले असते तरी ती शून्यावर येऊन डेथ सेव्ह, म्हणजे जगते की मरते ते ठरवणारे फासे, टाकत राहिली असती. तिला आजच फोन करा, सांगा की निर्णय चुकला होता. रविवारी खेळ दरीच्या तळापासून सुरू करा, सहा फासे तिच्याच हातात द्या, आणि विचारा, डोळे उघडल्यावर तिला आधी काय दिसतं.