पाणकावळ्यावर दगड उचलण्याआधी

अरे, गळ टाकून बसलास की पाणकावळे मासे पळवतात म्हणून वैतागू नकोस. उजनीच्या बॅकवॉटरला मीही सुरुवातीला त्यांना हुसकावत बसायचो. पण ते थव्याने बुड्या मारतात तिथे बारकी चिलापी असते, म्हणजे जागा शोधायचे तुझे काम फुकटात झाले. नदीसुरय पक्षी घिरट्या घालून सूर मारत असेल, तर मासळी वर आली आहे असे समज. वंचक, म्हणजे छोटा बगळा, मात्र काठावर ध्यान लावून बसतो, त्याच्यावरून खोल पाण्याचा अंदाज बांधू नकोस.

खरी काळजी तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची. गुंता झालेला तुकडा काठावर टाकलास की पक्ष्याच्या पायात अडकलाच. घरी आणून बारीक कापून टाक.

आणि गळाला पक्षी लागलाच, तर दोरी तोडून सोडू नकोस, झाडात अडकून तडफडून मरतो. हळू ओढून घे, डोक्यावर टॉवेल टाक, पंख अंगाशी धर. चोच तुझ्या डोळ्यांपासून लांब! पाणकावळ्याची चोच टोकाला आकड्यासारखी असते. माझ्या अंगठ्यावर खूण आहे अजून. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने कापला की उरलेला भाग अलगद मागे निघतो. गिळलेला गळ ओढू नकोस, वनखात्याला १९२६ वर फोन लाव.